लिपिडचा नकाशा पसरट येतोय? मशीनवाल्यांना फोन करण्याआधी एवढं तपासा

माल्डी इमेजिंगने (लेझरने रेणू उडवून त्यांचं वस्तुमान मोजण्याच्या पद्धतीने) टिश्यूतल्या किंवा पेशींतल्या लिपिडचा, म्हणजे चरबीच्या जातीच्या रेणूंचा, नकाशा काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पद्धत थोडक्यात अशी: गोठवलेल्या टिश्यूचा १० ते १२ मायक्रॉन जाडीचा सेक्शन काचेवर घ्यायचा, त्यावर मॅट्रिक्सचा, म्हणजे लेझरची ऊर्जा शोषून रेणू उडवायला मदत करणाऱ्या रसायनाचा, थर द्यायचा आणि ओळीने एकेका बिंदूवर लेझर मारत प्रत्येक ठिकाणचा स्पेक्ट्रम (कोणत्या वस्तुमानाचा सिग्नल किती, याचा आलेख) नोंदवायचा. नंतर एकेक वस्तुमान निवडलं की ते रेणू कुठे किती आहेत याचं चित्र मिळतं.

बेळगावात माझं काम मशीनच्या अलीकडचं, म्हणजे सेक्शन कापणं, वाळवणं, मॅट्रिक्स लावणं. मशीन आमच्याकडे नाही. काचा डब्यात बंद होऊन निपाणी-कोल्हापूरमार्गे पुण्याला जातात, नाहीतर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला. चित्र बिघडलं की पोरांचा पहिला फोन मला येतो. "सर, परत तसंच आलंय बगा. कडाच नाहीत कुठं." जून ते सप्टेंबर हे फोन वाढतात, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

काय दिसतं

- टिश्यूची कड संपली तरी लिपिडचा रंग संपत नाही. बाहेर धूसर पट्टा दिसतो, कधी एकाच बाजूला ओघळल्यासारखा.
- आतले भाग वेगळे पडत नाहीत. उंदराच्या लहान मेंदूत निगेटिव्ह मोडला (ऋणभाराचे आयन मोजताना) ८८८.६२ या वस्तुमानावर येणारा सल्फटाइड मायलिनच्या (मज्जातंतूंवरच्या आवरणाच्या) भागात धारदार उठायला हवा आणि ८८५.५५ चा फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल करड्या भागात. दोन्ही एकमेकांत मिसळलेले दिसले तर गडबड आहे.
- चित्रात गोल डाग, मधे फिकट आणि कडेला गडद.
- एकाच लिपिडला प्रोटॉन, सोडियम किंवा पोटॅशियम चिकटून होणाऱ्या तीन आयनांची चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत.
- सुरुवातीच्या ओळी उजळ, शेवटच्या मंद.
- ४९६.३४ ला, म्हणजे लायसोफॉस्फॅटिडिलकोलीनला (एक साखळी तुटलेल्या लिपिडला), नको इतका जोर.
- मॅट्रिक्सच्या पीकशिवाय (स्पेक्ट्रममधल्या उंच टोकांशिवाय) काहीच नाही.

पहिल्या तीन लक्षणांमागे बहुतेक वेळा पाणी असतं. लिपिड स्वतः पाण्यात विरघळत नाहीत म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण क्षार विरघळतात, लायसोलिपिड हलतात, पटल फुगून तुकडे सरकतात आणि वरून मॅट्रिक्सचं मेथनॉल त्या ओलीत मिसळलं की उरलेलेही वाहायला लागतात. मशीनमधल्या बिघाडाने चित्र मंद होतं, पट्टे पडतात, वस्तुमान सरकतं. टिश्यूबाहेर लिपिड पसरवण्याचं काम मशीन सहसा करत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात स्वस्त टोकाकडून.

फाईल आधी उघडा

यात खर्च काहीच नाही, तरी सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. तयार चित्रावर विश्वास ठेवू नका. टिश्यूवरचा एक बिंदू आणि टिश्यूबाहेरचा, फक्त मॅट्रिक्स असलेला एक बिंदू घ्या आणि दोन्हींचे स्पेक्ट्रम शेजारी ठेवा. डीएचबी हे मॅट्रिक्स वापरलं असेल तर १३७.०२, १५५.०३ आणि २७३.०४ ही त्याची पीक दोन्हीकडे दिसतील. आता त्यांपैकी एकाचं चित्र काढा. मॅट्रिक्सचंच चित्र डागाळलेलं किंवा पट्ट्यापट्ट्यांचं असेल तर लिपिडच्या चित्राची चर्चा करण्यात अर्थ नाही, थेट स्प्रेच्या भागाकडे जा. मॅट्रिक्स एकसारखं आणि लिपिड तेवढं पसरलेलं असेल तर टिश्यू भिजली होती असं धरून चला.

त्यानंतर नॉर्मलायझेशन बंद करून तेच चित्र पुन्हा बघा. एकूण आयनसंख्येने भागलं की टिश्यूबाहेरचा किरकोळ सिग्नलही फुगतो, कारण तिथे भागायचा आकडाच लहान असतो. टिश्यूभोवतीची कितीतरी वलयं नॉर्मलायझेशन काढल्यावर नाहीशी होतात, आणि मग काचेवर काही झालेलंच नसतं.

तिसरी गोष्ट वस्तुमानाच्या खिडकीची, म्हणजे एका चित्रासाठी धरलेल्या वस्तुमानाच्या पट्ट्याची, आणि इथे जरा थांबावं लागेल. फॉस्फॅटिडिलकोलीन ३४:१ (साखळ्यांत मिळून ३४ कार्बन आणि एक दुहेरी बंध) प्रोटॉनसह ७६०.५८५ ला, सोडियमसह ७८२.५६७ ला आणि पोटॅशियमसह ७९८.५४१ ला येतं. पण फॉस्फॅटिडिलकोलीन ३६:४ प्रोटॉनसह ७८२.५६९ ला येतं. दोघांत अंतर साधारण ०.००२४. हे वेगळं काढायला तीन लाखांहून अधिक रिझोल्यूशन लागतं. साध्या टॉफ मशीनवर (आयनांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान काढणाऱ्या) ते शक्य नाही, तिथे दोन्ही एकाच पीकमध्ये बसतात. म्हणजे ७८२.५७ च्या चित्रात कुठे उजेड दिसला तर तिथे ३६:४ जास्त आहे की नुसतं सोडियम जास्त आहे, हे त्या एका चित्रावरून ठरत नाही. टिश्यू भिजून क्षार सरकले तर हे चित्र बदलतं आणि विद्यार्थी "नवीन लिपिड सापडलं" म्हणून नाचतो. ताळा सोपा आहे: ७६०.५८, ७८२.५७ आणि ७९८.५४ ही तिन्ही चित्रं एकाशेजारी एक लावा. ताज्या, नीट सांभाळलेल्या टिश्यूत पोटॅशियमचं पीक जोरात असतं, कारण पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त. ७८२.५७ टिश्यूच्या कडेला गोळा झालंय आणि ७९८.५४ आत फिकं पडलंय असं दिसलं, तर पेशी फुटून पाणी इकडचं तिकडे गेलं आहे. (इजा झालेल्या किंवा रक्तपुरवठा तुटलेल्या भागात हा बदल खराही असतो, तेव्हा नमुना कसला आहे ते लक्षात घ्या.)

ऑक्सिडेशनचाही असाच घोटाळा होतो. सोडियमच्या पीकवर एक ऑक्सिजन चढला तर ७९८.५६२, आणि पोटॅशियमचं ७९८.५४१. खिडकी रुंद ठेवली की दोन्ही एकच. काच उघड्या हवेत पडून राहिली असेल तर हा प्रश्न आधी विचारा.

एक बारीकसा मुद्दा: पॉझिटिव्ह मोडमध्ये इनोसिटॉलवाले लिपिड दिसत नाहीत म्हणून फोन करू नका. कोलीनवाल्यांवर धनभार कायमचाच असतो, ते बाकीच्यांना दाबतात. मोड बदला.

टिश्यू कुठून आली ते विचारा

हाही फुकटचा प्रश्न. पॅथॉलॉजीतून आलेला ठोकळा पॅराफिनचा असेल तर लिपिडचं काम तिथेच संपलं. त्या प्रक्रियेत अल्कोहोल आणि झायलीनने टिश्यू धुतली जाते, आणि लिपिड त्यातच निघून जातात. नुसती फॉर्मालिनमधली टिश्यू एक वेळ चालते, पॅराफिनची नाही. यावर मॅट्रिक्स बदलून, लेझर वाढवून काही होत नाही, उगाच मशीनचे तास जातात.

दुसरं म्हणजे ओसीटी, टिश्यू गोठवताना आधाराला वापरतात ते चिकट द्रव्य. क्रायोस्टॅटवर (गोठवलेली टिश्यू कापायच्या यंत्रावर) हात बसलेली माणसं सवयीने अख्खी टिश्यू ओसीटीत बुडवतात. त्यातला पॉलिएथिलीन ग्लायकॉल स्पेक्ट्रमभर ४४.०३ च्या अंतराने पीकची शिडी लावतो आणि लिपिडचा सिग्नल दाबतो. चकवर (टिश्यू धरणाऱ्या चकतीवर) चिकटवायला खाली एक थेंब ठीक आहे, पण ब्लेड त्या थेंबापर्यंत पोचता कामा नये. आधारच हवा असेल तर जिलेटिन किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज वापरा. भुईमुगाच्या दाण्यासारख्या कोरड्या, ठिसूळ नमुन्याला आधार लागतोच, नाहीतर दाण्याच्या दोन पाकळ्या ब्लेडखाली सुटून येतात.

काचेवर नाव घालायला परमनंट मार्कर वापरला का, तेही विचारून घ्या. त्याची शाई मॅट्रिक्सच्या द्रावकात विरघळून टिश्यूपर्यंत येते. नाव हिऱ्याच्या लेखणीने कोरा. मशीनमध्ये जागा जुळवण्याच्या खुणांना मात्र स्टेशनरीच्या दुकानातला व्हाइटनर चालतो, टिश्यूपासून लांब ठेवला की झालं.

काच तिरप्या उजेडात धरा

मोबाईलचा टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरा आणि डोळा दुसऱ्या बाजूने न्या. चांगला मॅट्रिक्सचा थर दुधाळ, मऊ आणि सपाट दिसतो. भिजलेल्या काचेवर टिश्यूच्या कडेला बारीक चमकती रेघ दिसते. ती थेंब सुकताना मागे राहिलेल्या क्षारांची. कधी टिश्यूच्या आत खसखशीएवढे गोल असतात, तेच पुढे चित्रात मधे फिकट आणि कडेला गडद डाग होऊन येतात. मग दहाच्या लेन्सखाली बघा. डीएचबीचे स्फटिक लांब सुयांसारखे आणि एकेक सुई ५०-१०० मायक्रॉनची दिसली, तर तुमचा पिक्सेल कितीही लहान असो, चित्राची बारकाई त्या सुईएवढीच.

मॅट्रिक्स लावण्याआधी प्रत्येक काचेचा साध्या स्कॅनरवर फोटो काढून ठेवा. नंतर वाद झाला की कड आधी कुठे होती हे तोच सांगतो. मी हा फोटो नसेल तर पुढे बोलतच नाही.

मल्टिमीटर

काही काचांना एकाच बाजूला आयटीओचा विद्युतवाहक थर असतो. टॉफ मशीनमध्ये काचेला हजारो व्होल्ट दिलेले असतात. टिश्यू चुकून उलट्या बाजूला घेतली असेल तर भार साठतो, वस्तुमान सरकतं, सिग्नल पडतो. मल्टिमीटर ओहमवर लावून काचेच्या रिकाम्या कोपऱ्यात दोन टोकं हलकेच टेकवा. वाहक बाजूला दहा-वीसपासून काही शे ओहम दाखवेल, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. हे काम सेक्शन घेण्याआधीचं आहे, पण आधी राहून गेलं असेल तर आता तरी करा. पसरट चित्राचं कारण हे नसतं. वस्तुमान सरकण्याचं मात्र असू शकतं, आणि त्यापायी कॅलिब्रेशन बिघडल्याची तक्रार मशीनवाल्यांकडे जाते.

दव

मूळ दुखणं हे. उणे ८० च्या फ्रीजरमधून काच काढली आणि डबा लगेच उघडला की फ्रीजमधल्या बाटलीला सुटतो तसा घाम काचेला सुटतो. फरक इतकाच की इथे त्या घामात तुमची टिश्यू आहे.

आकडे बघा म्हणजे पावसाळ्यातच फोन का वाढतात ते कळेल. खोलीत २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर घनमीटरभर हवेत साधारण २० ग्रॅम पाणी असतं आणि दवबिंदू २२ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे काच खोलीच्या तापमानाला जवळजवळ पोचेपर्यंत तिच्यावर पाणी जमतच राहतं. एप्रिलच्या दुपारी ३५ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असताना हवेत पाणी निम्मं, दवबिंदू १२ च्या जवळ. काच लवकर त्या पट्ट्यातून बाहेर पडते आणि जमलेलं लगेच उडतं. मार्चमध्ये खपून गेलेली घाई जुलैत खपत नाही ती यामुळे. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसाची हवा आमच्याकडे दिवसरात्र असते. एसी चालू आहे म्हणजे हवा कोरडी, असं समजू नका. वीस रुपये जास्त गेले तरी चालतील पण आर्द्रता दाखवणारं घड्याळ भिंतीला लावा आणि नोंदवहीत आकडा लिहा.

करायचं असं. सेक्शन घेतल्यावर काच लगेच व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग स्लाइडच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून डबी हवाबंद पिशवीत सील करा, आणि ती पिशवी फ्रीजरमध्ये जाऊ द्या. बाहेर काढताना पिशवी न फोडता डेसिकेटरमध्ये ठेवा. पाऊण तास तरी. पिशवीला बाहेरून हात लावल्यावर गारवा लागतो तोवर उघडायची नाही. उघडल्यावर पुन्हा दहा मिनिटं व्हॅक्यूम, मगच मॅट्रिक्स.

सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झालेत का ते बघायला कुणाला सवड नसते. गुलाबी दाणे म्हणजे डेसिकेटर नुसतं काचेचं भांडं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर भाजून घ्या, निळे झाले की परत भरा. डेसिकेटरच्या झाकणाचं ग्रीसही बघा. झाकण सरकवताना चर्र आवाज आला तर हवा आत जातेय.

प्रवासालाही हेच लागू. मॅट्रिक्स तिकडे लावता येत असेल तर इथून फक्त वाळवलेल्या, सीलबंद काचा पाठवा. तिकडच्या माणसाला फोनवर सांगा की पोचल्या पोचल्या पिशवी फोडू नका. नाहीतर इथली सगळी मेहनत तिकडच्या टेबलावर पाच मिनिटांत भिजते.

स्प्रे

इथून पुढे वेळ आणि माल खर्च होतो.

मॅट्रिक्स लावणं म्हणजे दोन टोकांमधली कसरत. थर ओला गेला तर द्रावक टिश्यूत शिरून लिपिड बाहेर ओढतो, सिग्नल जोरात येतो आणि चित्र पसरतं. थर कोरडा गेला तर भुकटी नुसती वर बसते, चित्राच्या कडा धारदार पण सिग्नल मंद. पोरांना झगमगीत चित्र आवडतं आणि ओल्या हाताने मारलेलंच ते येतं. माझ्या मते धारदार पण थोडं मंद चित्र केव्हाही बरं, कारण सिग्नल पुढच्या काचेवर वाढवता येतो, सरकलेलं लिपिड जागेवर परत आणता येत नाही.

स्प्रे ओला जातोय का हे खऱ्या टिश्यूवर तपासू नका. बहुतेक प्रयोगशाळांत जिवाणू रंगवायच्या ग्राम पद्धतीसाठी क्रिस्टल व्हायोलेट असतं. त्याचं अगदी पातळ द्रावण बारीक सुईने रिकाम्या काचेवर रेघेसारखं ओढा, वाळू द्या, आणि नेहमीच्या सवयीने मॅट्रिक्स मारा. आता सूक्ष्मदर्शकाखाली रेघ बघा. कड जशीच्या तशी असेल तर स्प्रे ठीक. जांभळे पिसारे बाहेर फुटले असतील तर तुमचे लिपिडही तसेच फुटतात. क्रिस्टल व्हायोलेट द्रावकात फार पटकन विरघळतं, म्हणून परीक्षा जरा कडक आहे, पण या परीक्षेत पास झालेला स्प्रे टिश्यूवर दगा देत नाही. मशीनचा वेळ मिळत असेल तर ३७२.२४ चं चित्रही काढता येतं.

रेघ फुटली तर एकेक गोष्ट बदला, सगळ्या एकदम नाही. फेऱ्यांमधला सुकण्याचा वेळ आधी वाढवा, पावसाळ्यात तेवढ्यानेच पुष्कळदा काम होतं. मग प्रवाह कमी करा, मग नोझलचा वेग वाढवा. गरम नोझलच्या यंत्रावर डीएचबीसाठी ७० ते ८० अंश आणि मिनिटाला ०.१ मिलिलिटर ही सुरुवातीला बरी जागा आहे. हाताने एअरब्रश मारणाऱ्यांनी १५-२० सेंटीमीटर लांब राहावं आणि एकाच जागी रेंगाळू नये. नोझल अर्धवट तुंबली की मोठे थेंब फेकते. मेथनॉलने धुऊन कागदावर एक झोत मारून बघा, ठिपके पडताहेत की धुकं पडतंय ते लगेच दिसतं.

द्रावकच वापरायचा नसेल तर सब्लिमेशन, म्हणजे व्हॅक्यूममध्ये मॅट्रिक्स तापवून थंड काचेवर त्याची वाफ बसवायची. पेशींच्या कामाला मला हेच पटतं. काचेवर वाढवलेली पेशी १०-२० मायक्रॉनची, तिच्यावर स्प्रेचा एक जाडा थेंब पडला तर शेजारपाजारच्या चार पेशी एक होतात. पेशींच्या बाबतीत आणखी एक: फॉस्फेट बफरमधून काढून तशाच वाळवल्या तर मिठाचे स्फटिक सगळं झाकून टाकतात. अमोनियम अॅसिटेट किंवा फॉर्मेटच्या गार द्रावणात झटकन धुवा, ते व्हॅक्यूममध्ये उडून जातं. साध्या पाण्यात धुतलं तर पेशी फुगून फुटतात. टिश्यूच्या सेक्शनलाही निगेटिव्ह मोडआधी हे धुणं उपयोगी पडतं, पण काही सेकंदच आणि आधी एका फालतू सेक्शनवर करून बघून.

सब्लिमेशन जमेना, थर पातळ बसतोय असं झालं तर व्हॅक्यूम पंपाचं तेल बघा. पावसाळ्यात त्यात पाणी शिरून ते दुधाळ होतं आणि पंप खोलवर ओढत नाही. तेल बदला आणि गॅस बॅलास्ट उघडून पंप थोडा वेळ चालू ठेवा. त्यानेही नाही झालं तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोटरी पंप खोलणारे कारागीर आहेत, ओ-रिंग बदलून देतात. पंपासाठी कंपनीचा माणूस बेंगळुरूहून बोलवायची गरज नाही.

शेवटच्या ओळी मंद होत जाण्याचं कारणही मॅट्रिक्समध्येच असू शकतं. डायहायड्रॉक्सिअॅसिटोफिनोनसारखी काही मॅट्रिक्स मशीनच्या व्हॅक्यूममध्ये हळूहळू उडतात. ५० मायक्रॉनच्या पिक्सेलला एका चौरस मिलिमीटरमध्ये ४०० बिंदू लागतात, १० मायक्रॉनला १०,०००. रात्रभर चालणाऱ्या कामात मॅट्रिक्स निम्मं संपलेलं असतं. डीएचबी टिकतं. बिंदू ओळीने न घेता विखुरलेल्या क्रमाने घेतले तर फरक मॅट्रिक्सचा की टिश्यूचा ते कळतं.

१९९७ मध्ये कॅप्रिओली यांच्या गटाने माल्डीने टिश्यूची चित्रं काढून दाखवली. तेव्हापासून लेझरचा ठिपका लहान होत ५-१० मायक्रॉनवर आला. दवाचा थेंब आहे तेवढाच आहे, त्यामुळे मशीन जितकी भारी तितका हा दोष जास्त उघडा पडतो.

कापणं आणि गोठवणं

वरचं सगळं ठीक असूनही चित्र पसरत असेल तर नवीन सेक्शन, आणि तरीही तेच आलं तर नवीन नमुना.

कापताना बघायचं एवढंच: सेक्शन काचेवर घेताना खालून बोटाची ऊब एकदाच, सलग. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला सेक्शन पाण्याची रेघ सोडतो. मेंदूला उणे २० च्या आसपास बरं, यकृताला थोडं कमी थंड, चरबीला बरंच जास्त थंड. आणि क्रायोस्टॅटच्या तोंडाशी वाकून बोलू नका. तुमच्या श्वासातलं पाणी ब्लेडवर हिम होऊन बसतं. आमच्या क्रायोस्टॅटवरच्या अक्का पावसाळ्यात आत बघणाऱ्याला मास्क लावल्याशिवाय उभं करत नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं.

४९६.३४ चा जोर जास्त असेल तर गोठवण्याकडे वळा. टिश्यू काढल्यापासून एन्झाइम फॉस्फोलिपिडच्या साखळ्या तोडायला लागतात, त्यातून लायसोलिपिड आणि सुटी मेदाम्लं उरतात. उशिरा गोठवलं किंवा फ्रीजरमध्ये एकदा वितळून पुन्हा गोठलं तर हेच दिसतं. (लेझर फार जोरात असला तरी मशीनमध्ये असे तुकडे होतात, म्हणून आधी लेझर कमी करून एक छोटा चौकोन घ्या. पीक त्याच प्रमाणात राहिलं तर दोष टिश्यूत.) लाईट जाण्याचे दिवस असतील तर फ्रीजरची तापमानाची नोंद मागवा. जनरेटर आहे एवढ्यावर भागत नाही, रात्री तो सुरू कोण करतं ते विचारा.

गोठवताना टिश्यू थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकली तर भोवती वाफेचं कवच होतं, बाहेरून तडे जातात आणि आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात. अॅल्युमिनियम फॉइलची होडी करून तिच्यावर टिश्यू ठेवा आणि होडी नायट्रोजनवर तरंगवा, किंवा नायट्रोजनने गार केलेलं आयसोपेंटेन वापरा. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन लागतोच, त्यामुळे आपल्या भागात तो मिळवणं अवघड नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी मात्र हवी. आयसोपेंटेनजवळ ज्योत नको.

इथे हात थांबवा

एकाच रुग्णाची, परत न मिळणारी बायोप्सी असेल आणि तिचे दोनच सेक्शन उरले असतील, तर वरचं काहीही त्यावर करून बघू नका. आधी उंदराच्या यकृतावर सगळं बसवा, किंवा अनुभवी प्रयोगशाळेच्या हाती द्या. माणसाची टिश्यू असेल तर नैतिक समितीची परवानगी आणि संसर्गाची काळजी या गोष्टी पॅथॉलॉजीच्या माणसांबरोबर बसूनच ठरवायच्या. डायअमिनोनॅफ्थलीन हे मॅट्रिक्स घातक आहे, फ्यूम हूड नसेल तर त्याला हातच लावू नका.

मशीनचं झाकण तर आपण उघडायचंच नाही. आत हजारो व्होल्ट असतात आणि डोळ्याला न दिसणारा अतिनील लेझर, बहुतेक ठिकाणी ३५५ नॅनोमीटरचा. इंटरलॉकला (झाकण उघडलं की लेझर बंद करणाऱ्या सुरक्षेला) बगल देऊन आत डोकावणारे महाभाग असतात, त्यांच्यात तुम्ही नको. पुढच्या गोष्टी दिसल्या तर सर्व्हिस इंजिनिअरच हवा: लाल फॉस्फरसचं कॅलिब्रेशन रोज सरकतंय, ताज्या चांगल्या काचेवरही सिग्नल दिवसागणिक पडतोय, लेझरचे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली ठरलेल्या मापापेक्षा मोठे किंवा लांबट दिसताहेत, स्टेज एका दिशेला अडखळल्यासारखी पट्टे पाडतेय. लेझरचा ठसा पावलापेक्षा, म्हणजे दोन बिंदूंमधल्या अंतरापेक्षा, मोठा झाला असेल तर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. चित्र धूसर होण्याचं मशीनकडचं खरं कारण तेवढं एकच आहे, आणि ते फोकस करणाऱ्याचं काम आहे.

इंजिनिअर आला की पहिला प्रश्न विचारतो, "माहीत असलेल्या नमुन्यावर काय दिसतं?" म्हणून फोन करण्याआधी हे जवळ ठेवा: उंदराच्या मेंदूच्या एका चांगल्या काचेची जुनी फाईल, त्याच ठोकळ्यातल्या नव्या काचेची आजची फाईल, दोन्हींच्या वेळचा लेझरचा जोर, मॅट्रिक्स लावण्याआधीचा आणि नंतरचा स्कॅन, क्रिस्टल व्हायोलेटच्या रेघेचा फोटो आणि त्या दिवशीची खोलीतली आर्द्रता. चांगल्या काचेची जुनी फाईल नसेल तर ती आधी तयार करा. पाऊस उघडला की, कोरड्या आठवड्यात.